कॅन्सरची नोंदणी, द्राक्षाची फवारणी आणि अकरा महिन्यांचा करार

पत्राचा सारांश

तासगाव तालुक्यातल्या एका वाचक मुलीने लिहिलं आहे. वय २५, शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. सध्या सांगलीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीत तास नाहीत, त्यामुळे मानधनही नाही. दोन वर्षांपूर्वी आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेली. गावाची वस्ती चार हजार, आणि गेल्या एका वर्षात गावात सात जणांना कॅन्सर निघाला. द्राक्षाच्या फवारणीने हे होतंय, असं गाव म्हणतं आणि त्यांनाही तसंच वाटतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी (ठरावीक भागातल्या कॅन्सरच्या सगळ्या नव्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या) प्रकल्पात संख्याशास्त्रज्ञाची जागा मिळते आहे, पण करार अकरा महिन्यांचा. वडील म्हणतात, कंत्राटी नोकरी ही नोकरीच नव्हे, एमपीएससी कर. मैत्रीण पुण्यात औषधचाचण्यांचा डेटा हाताळणाऱ्या कंपनीत आहे आणि चांगला पगार घेते. पत्रात त्या विचारतात : "मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. कॅन्सरच्या संशोधनात आकडेमोड करणाऱ्याला कोण विचारतं? आणि खरं काम करायचं तर परदेशीच जायला हवं ना?"

उत्तर

पत्रात तुम्ही प्रश्न दोन विचारलेत आणि चार गोष्टी गृहीत धरल्यात. त्यातली पहिली नोकरीबद्दलची नाही, गावाबद्दलची आहे. सुरुवात तिथूनच करू, कारण तुम्हाला हे क्षेत्र जमेल का याचा अंदाज त्याच हिशोबातून येईल.

सात रुग्ण. नव्या रुग्णांचा दर वर्षाला लाखामागे ८० असा केवळ हिशोबापुरता धरा. चार हजार वस्तीला वर्षाकाठी अपेक्षित रुग्ण ३.२. आता प्वासाँ वितरण (क्वचित घडणारी गोष्ट निव्वळ योगायोगाने किती वेळा घडेल, हे सांगणारं सूत्र) लावा : सरासरी ३.२ असताना सात किंवा त्याहून जास्त रुग्ण निघण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे एवढ्याच वस्तीची शंभर गावं घेतली आणि एकाही गावात काहीच वावगं नसलं, तरी दरवर्षी चार-पाच गावांत सात किंवा जास्त रुग्ण निघणारच. पत्र मात्र त्याच गावातून येतं. उरलेल्या पंचाण्णव गावांतून "आमच्याकडे यंदा तीनच निघाले" असं कुणी लिहीत नाही.

यावरून फवारणी निर्दोष ठरली, असं समजू नका. निष्कर्ष एवढाच की सात या आकड्यावरून फवारणीच्या बाजूनेही काही ठरत नाही आणि विरुद्धही नाही. पुढचे प्रश्न वेगळे आहेत. सातही जणांचा कॅन्सर एकाच जागेचा आहे का? तोंड, स्तन, गर्भाशयमुख आणि रक्त असे वेगवेगळे असतील तर त्यांची कारणंही वेगवेगळी असतात. सगळ्यांची मिळून एक बेरीज करण्यात अर्थ नाही. सातांपैकी किती जणांचं निदान गेल्या वर्षातलं, आणि किती जण तीन वर्षांपूर्वीचे रुग्ण असून गेल्या वर्षी वारले? त्यातले किती जण गेली वीस वर्षं गावातच राहत होते? तुमच्या भागात हा प्रश्न साधा नाही. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात देशभर पांगलेली माणसं आजारी पडली की गावी येतात. रेशनकार्ड इथलं, आयुष्य दुसरीकडचं. शिवाय कॅन्सर आज निघाला तरी त्याचं कारण बहुधा दहा-वीस वर्षं मागे असतं, त्यामुळे या वर्षी कोणतं औषध फवारलं याला फारसं महत्त्व नाही. तंबाखू आणि मशेरीची नोंद घेतल्याशिवाय तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलताच येत नाही.

फवारणीचा प्रश्न खरोखर अभ्यासायचा तर तुमच्या तालुक्याकडे एक दुर्मिळ गोष्ट आहे. निर्यातीच्या द्राक्षबागांना फवारणीची नोंदवही ठेवावी लागते : कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला. शेतीतल्या रसायनांवरच्या अभ्यासात सगळ्यात मोठी अडचण आठवणीची असते. आजारी माणूस "काय काय फवारलं" हे जास्त खोदून आठवतो, निरोगी माणूस विसरतो, आणि हा फरकच औषधाचा परिणाम म्हणून समोर येतो. आजार होण्याआधी लिहिलेली वही या चुकीतून वाचवते. ती जुनी वही शोधायची हे सुचण्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. द्राक्षबाग माहीत असावी लागते, आणि पूर्वग्रह हा शब्द संख्याशास्त्रात कोणत्या अर्थाने (माहिती गोळा करण्यातच शिरलेली, एकाच बाजूला झुकणारी चूक) वापरतात तेही.

तुमचं दुसरं गृहीतक याला लागूनच आहे : डॉक्टर नाही म्हणजे विचारणार कोण. इस्पितळात ते काही अंशी खरं आहे. लोकसंख्याधारित नोंदणीचा प्रश्नच वेगळा असतो. इस्पितळ विचारतं, या रुग्णाला काय झालंय. नोंदणी विचारते, ठरावीक भागात राहणाऱ्या सगळ्या लोकांत वर्षभरात नवे रुग्ण किती, कोणत्या वयात, कोणत्या जागेच्या कॅन्सरचे, आणि त्यांचं पुढे काय झालं. अंशही (नवे रुग्ण) मोजायचा आणि छेदही (त्या भागाची लोकसंख्या). मिरजेचंच पाहा. तिथल्या दवाखान्यांत बेळगाव-विजापूरकडून, सोलापूरकडून रुग्ण येतात. उलट जतचा रुग्ण मुंबईला टाटाला जातो आणि पत्ता लावतो घाटकोपरच्या भावाचा. मिरजेतले रुग्ण मोजून सांगली जिल्ह्याचा दर निघत नाही, तो यामुळे. आपल्याकडच्या नोंदण्यांत माणूस त्या भागात किमान एक वर्ष राहत असेल तरच रहिवासी धरतात. हा नियम कागदावर एका ओळीचा आहे. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, माथाडी कामासाठी नवी मुंबईत असलेला पाटणचा माणूस, सासर-माहेर दोन्हीकडे नाव असलेली बाई यांना तो लावताना रोज निर्णय घ्यावे लागतात, आणि ते सगळ्यांनी एकसारखे घेतले पाहिजेत.

छेदाची अडचण आणखी मोठी. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची लोकसंख्या अंदाजाने काढायची, तीही तालुकानिहाय, लिंगनिहाय आणि पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत. तरुण बाहेर गेलेल्या साताऱ्याच्या डोंगरी भागात म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, म्हणून तिथला साधा दर फुगलेला दिसणार. म्हणून वय-समायोजन, म्हणजे सगळ्या भागांची वयरचना एकसारखी मानून दर काढणं. त्यासाठी जगभर अजूनही सेगी आणि डॉल या संशोधकांची प्रमाण (म्हणजे तुलनेसाठी ठरवलेली काल्पनिक) लोकसंख्या वापरतात : एक लाखात ० ते ४ वयाचे १२,०००, आणि ८५ च्या वरचे फक्त ५००. ज्येष्ठांचा छेद चुकला तर दर किती हलतो, हे एकदा स्वतः करून पाहा. कोणतंही पाठ्यपुस्तक सांगणार नाही इतकं ते गणित शिकवेल.

मग दुबार नोंदी. आपल्याकडे नोंदणी सक्रिय पद्धतीने चालते, म्हणजे कर्मचारी स्वतः इस्पितळं, पॅथॉलॉजीच्या लॅब, किरणोपचार केंद्रं आणि ग्रामपंचायत-नगरपालिकांची मृत्युनोंद इथे जाऊन माहिती उतरवतात. एकच बाई लॅबमध्ये "सुशीला पाटील", इस्पितळात "सुशिला रामचंद्र पाटील", शासकीय योजनेच्या कागदावर आडनाव आधी, वय एके ठिकाणी ५२ आणि एके ठिकाणी ५५, फोन मुलाचा. एक की तीन? फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडलेली रीत इथे उपयोगी पडते : प्रत्येक जुळणीला तिच्या दुर्मिळतेनुसार वजन द्यायचं (खऱ्या जोडीत जुळण्याची शक्यता भागिले योगायोगाने जुळण्याची शक्यता, आणि त्याचा दोनच्या पायाचा लॉग). समजा खऱ्या जोडीत आडनाव ९५ टक्के वेळा जुळतं. तुमच्या नोंदींत पाच माणसांमागे एक पाटील असेल तर "पाटील" जुळण्याचं वजन सव्वादोनच्या आसपास येतं. पाच हजारांत एक असं आडनाव जुळलं तर बाराच्या वर. दोन पाटील जुळले यात विशेष काहीच नाही, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको, पण संगणकाला सांगावं लागतं. परदेशी बनवलेले उच्चारावरून नावं जुळवणारे प्रोग्रॅम मराठी नावांवर अडखळतात. कारण इस्पितळात नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकुनाचं स्पेलिंग वेगळं, आणि बाईचं मधलं नाव लग्नाने बदलतं. हे नियम तुमच्यासारख्या माणसालाच लिहावे लागतात.

दर्जाची मापंही वरवर वाचली तर फसवतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सिद्ध झालेल्या रुग्णांचं प्रमाण शंभर टक्क्यांजवळ आलं की नवखा माणूस खूश होतो. अनुभवी माणूस शंका घेतो, की माहिती फक्त लॅबमधूनच गोळा केली की काय. तपासणीचा तुकडा न काढता घरीच वारलेले म्हातारे कुठे गेले? वर्षातले मृत्यू आणि नवे रुग्ण यांचं गुणोत्तर फारच कमी आलं तर मृत्यू हाती लागलेले नाहीत, फारच जास्त आलं तर रुग्ण निसटलेत. आलेखात एखाद्या वर्षी उडी दिसली तर रोग वाढला म्हणण्याआधी त्या वर्षी परिसरात नवं कॅन्सर इस्पितळ सुरू झालं का, मोफत उपचारांची शासकीय योजना आली का, हे पाहायचं. निदानानंतर किती रुग्ण किती वर्षं जगले, हे जगण्याचं प्रमाण काढताना पाठपुराव्यातून सुटलेले रुग्ण "मध्येच बाहेर पडले" असं धरून पुढे गेलात तर आकडा हमखास गोड येतो, कारण जे परत आले नाहीत त्यातले बरेच घरी वारलेले असतात. म्हणून फोन, म्हणून गावभेटी. मॉडेल कितीही भारी असलं तरी ही भेट टळत नाही.

एवढ्यावरून "आकडेमोड करणाऱ्याला कोण विचारतं" याचं उत्तर मिळालं असेल. आता परदेशाचं. तुमच्या घरापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर काय झालंय पाहा. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर इस्पितळात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. (मुंबईची १९६३ ची, ती इंडियन कॅन्सर सोसायटीने उभी केलेली, देशातली पहिली.) शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी झाली. २००९ मध्ये निकाल आला : एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणीही या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. जगभरच्या तपासणी धोरणात या निकालाचा आधार घेतला जातो. त्यातलं संख्याशास्त्र तुमच्या वर्गात शिकवण्यासारखं आहे. कोणाची तपासणी करायची हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या बाईगणिक टाकल्या नव्हत्या, गावांच्या ५२ गटांमध्ये टाकल्या होत्या. एका गटात सरासरी अडीच हजार बायका. एका गटातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. हा सारखेपणा (शून्य ते एक या मापावर) अगदी ०.००१ इतकाच धरला तरी विचरण, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता मोजणारं माप, साडेतीन पट होतं, आणि सव्वा लाखाहून अधिक बायकांची माहिती साडेसदतीस हजारांच्या माहितीइतकी उरते. हे आधी मोजलं नाही तर दहा वर्षांची मेहनत "फरक सिद्ध झाला नाही" या एका वाक्यात जाऊ शकते.

तेव्हा परदेश ही पहिली पायरी नव्हे. नंतर जावंसं वाटलं तर स्वीडनसारख्या देशांत पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राचा एम.एस्सी. आहे, फ्रान्समधल्या ल्यों इथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. नॉर्डिक देशांत प्रत्येक माणसाला एकच ओळखक्रमांक असल्याने नोंदी जोडणं सोपं जातं. तिथे जाऊन तुम्ही उत्तम मॉडेलं शिकाल, पण सुशीला पाटलांचा घोळ तिथे शिकायला मिळणार नाही. एक वर्ष तो घोळ निस्तरलेला अर्जदार निवड समितीला वेगळा दिसतो.

वडिलांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. प्रकल्पाच्या जागा अनुदानावर चालतात. अनुदान लांबलं की पगार लांबतो, संपलं की जागा संपते. हे या क्षेत्राचं वास्तव आहे आणि पुढची काही वर्षं ते तुमच्या वाट्याला येणार. पण तुमची तुलना कायम नोकरी विरुद्ध कंत्राटी नोकरी अशी नाहीच. आत्ता हातात असलेली तासिकाही कंत्राटीच आहे, आणि सुट्टीत बिनपगारी. एमपीएससीचा अभ्यास करायचाच असेल तर संख्याशास्त्राच्या पदवीधराने केंद्राची भारतीय सांख्यिकी सेवा आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जागा आधी पाहाव्यात. तिथे तुमचा विषय उपयोगी पडतो. सांख्यिकी सेवेला खुल्या गटासाठी वयाची अट ३० ची आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. सेट आणि सीएसआयआर-नेटच्या गणितीय विज्ञानाची तयारी नोकरीबरोबर चालू शकते.

पुण्याची वाट वाईट नाही. पगार बरा, प्रशिक्षण शिस्तशीर, सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर पक्कं होतं. तिथला प्रश्न वेगळा असतो : हे औषध त्या औषधापेक्षा चांगलं का. कोणाला तपासायचं ते आधीच ठरलेलं, डेटाचा साचा ठरलेला, तक्ते ठरलेले. नोंदणीत साचा तुम्ही घडवता. घरावर कर्जाचा हप्ता असेल आणि तुमच्या पगारावर तो अवलंबून असेल, तर दोन वर्षं पुण्यात काढून मग इकडे येण्यात काहीही कमीपणा नाही; जगण्याच्या विश्लेषणाचं गणित दोन्हीकडे तेच आहे. पत्रात तुम्ही हप्त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून माझं मत नोंदणीच्या बाजूने पडतं. पण अटींसकट.

अटी सही करण्याआधी विचारायच्या. पदाचं नाव संख्याशास्त्रज्ञ आणि काम दिवसभर नोंदी टंकण्याचं, असं होतं. म्हणून विश्लेषण कोण करतं हे थेट विचारा. महिनाभर टंकणं मात्र स्वतःहून मागा, कारण रोगांचे संकेतांक हाताखालून गेल्याशिवाय डेटा कळत नाही : सी-५० स्तन, सी-५३ गर्भाशयमुख, आणि त्याला जोडून पेशीचा प्रकार सांगणारा आकडा. प्रकल्पाचं अनुदान कोणत्या तारखेपर्यंत आहे ते विचारा. करार अकरा महिन्यांचा असला तरी अनुदान तीन वर्षांचं असू शकतं, किंवा दोन महिन्यांत संपणारं. अहवालात आणि शोधनिबंधात नाव कोणत्या कामासाठी लागतं, हे आधी बोलून घ्या आणि नंतर ईमेलने "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" असं लिहून ठेवा. गावभेटींना गाडी आणि सोबत कोण असतं, हेही विचारा. विचारायला लाजू नका. प्रमुख संशोधकाच्या हाताखालचे आधीचे संख्याशास्त्रज्ञ आज कुठे आहेत, या एका प्रश्नाचं उत्तर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

रुजू होण्याआधी दोन-तीन महिने मिळाले तर वर्गणी भरून कोणता कोर्स करू नका. बंगळुरूच्या राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचे अहवाल फुकट आहेत. त्यातला बार्शीचा वयोगटवार तक्ता घ्या, आर प्रोग्रॅममध्ये वय-समायोजित दर स्वतः काढा आणि छापलेल्या आकड्याशी जुळवा. दशांशापर्यंत जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधा. बहुधा शेवटचे वयोगट एकत्र केलेले असतात किंवा वय माहीत नसलेले रुग्ण तुम्ही गाळलेले असतात. मग ल्योंच्या संस्थेचं कॅनरेग-५ हे कॅन्सर नोंदणीचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, तेही मोफत आहे, आणि त्यात शंभर खोट्या नोंदी भरून दुबार शोधायला लावा. जगण्याच्या विश्लेषणासाठी अमेरिकेच्या सीअर या कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा डेटा वापराचा करार मान्य करून मिळतो. १९७५ पासूनच्या नोंदी आहेत. सापेक्ष जगण्याचं प्रमाण (त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत) आणि साधा कॅप्लान-मायर आलेख (काळानुसार किती रुग्ण जिवंत उरले ते दाखवणारा) यांतला फरक त्यावर स्पष्ट दिसतो.

रीतसर शिक्षण हवंच असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जैवसंख्याशास्त्राचा एम.एस्सी. आहे, मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग साथरोगशास्त्र केंद्र आहे. तुमच्याकडे एक एम.एस्सी. आधीच असताना लगेच दुसरी घेण्याची घाई करू नका, पीएच.डी.चा विषय पहिल्या वर्षाच्या घोळातूनच निघतो. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या साताऱ्या-सांगलीच्या मुलांनी मात्र या संस्थांच्या प्रवेशाच्या तारखा आत्ताच बघाव्यात, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आपल्या ग्रामपंचायतीची पाच वर्षांची मृत्युनोंद घ्यावी : परवानगी लेखी, नावं न उतरवता, फक्त वय, लिंग, वर्ष आणि मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्यात "वृद्धापकाळ" आणि "हृदयक्रिया बंद" किती वेळा येतं ते मोजून त्याचा तक्ता करा. मुलाखतीला जाताना तो तक्ता बरोबर न्या.